तवकिरीचा डबा

माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या मागे, एक जुना पत्र्याचा डबा आहे. डब्यावर एक गोरी बाई बसलेली आहे. तिचा अर्धा चेहरा गंजाने खाल्लाय, पण मांडीवरचं गुबगुबीत बाळ शाबूत आहे, आणि त्याच्या तोंडाशी नेलेला चमचाही. बाईच्या डोक्यावर कमान धरून वेलबुट्टीची इंग्रजी अक्षरं आहेत, इतकी फुगीर की डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावीत. 'ॲब्सोल्यूटली प्युअर.' खाली बारीक अक्षरांत आणखी ग्वाही: आजारी, अशक्त आणि तान्ह्या बाळांसाठी उत्तम आरारूट. कंपनीचं नाव होतं तिथे आता नुसताच तांबूस डाग उरलाय.

हा डबा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, निदान त्या वळणाचा. माझे पणजोबा आगबोटीवर साहेबलोकांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बघायचे. रिकामे डबे, बाटल्या, बरण्या हीच त्यांची वरकमाई. ते रत्नागिरीकडच्या आमच्या गावी आले की बायका ट्रंकेभोवती गोळा व्हायच्या म्हणे. बाकीचं सगळं फुटलं, हरवलं, भंगारात गेलं. हा डबा तेवढा राहिला, कारण त्यात आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तवकीर भरतात.

तवकीर म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांना सांगावं लागतं: आरारूटचीच कोकणातली बहीण. रानहळदीचे गड्डे खणून आणायचे, सोलायचे, खडबडीत दगडावर किसायचे. तो कीस पाण्यात कालवून पंच्यातून गाळायचा आणि पातेलं झाकून ठेवायचं. सकाळी वर पिवळट कडू पाणी असतं आणि तळाला पांढरा थर. पाणी ओतायचं, नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा ठेवायचं. कडूपणा जाईपर्यंत हाच खेळ. शेवटी तळाशी जी घट्ट पांढरी वडी उरते ती अंगणात पांढऱ्या कापडावर वाळवायची. टोपलीभर गड्ड्यांतून निघते ओंजळभर. थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून आई बसलेली असायची. मी अंथरुणातून त्या पाण्याचे बुडबुड आवाज ऐकत पुन्हा झोपी जायची. अजूनही झोप लागताना कधीकधी ते पाणी ऐकू येतं.

आई वड्या करायची त्या काचेसारख्या. पाणी, साखर, तवकीर, वेलची. ताटलीत थापलेली वडी हलवली की थरथरायची आणि तिच्यातून ताटलीच्या तळाचं निळं फूल दिसायचं. मी आधी फूल बघायची आणि मग खायची. बाबा एकादशीला दुसरं काही घेत नसत. चहासुद्धा नाही. धान्याचा कण पोटात जायचा नाही, पण तवकीर कंदाची, ती उपासाला चालते. आल्यागेल्याला बाबा डबा काढून दाखवायचे, त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "निखालस शुद्ध. हिच्या हातची. आमच्याकडे बाजारचं काही नाही." आई आतून ओरडायची, "पुरे झाली जाहिरात!"

आणि मी पोटासाठी करते काय, तर लेबलं लिहिते. सौदीत, रास तनुऱ्याजवळ आमचं घर. लेक शाळेत, नवरा रिफायनरीत, त्याच्या शिफ्टच्या तालावर घर झोपतं आणि उठतं. मी अन्नशास्त्र शिकले आणि आता दमामच्या एका पॅकिंग कंपनीचं काम बहुतेक घरूनच करते. मध, तूप, खजूर, मसाले यांच्या पुड्या-डब्यांवर काय लिहायचं, काय लिहायचं नाही, कुठला शब्द नियमात बसतो आणि कुठला नुसताच नाचतो, हे मी बघते. इतक्या वर्षांत एका शब्दाचा मला मनापासून तिटकारा आलाय. तो म्हणजे शुद्ध. मीठसुद्धा शुद्ध, पाणीसुद्धा शुद्ध, आता हवा तेवढी पाकिटात भरायची राहिलीय.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता, जशी ती सगळी कामं उरकायची तशी. तेरावं करून मी परत आले तेव्हा आमच्या मालकांनी नवीन काम काढून ठेवलं होतं. ते सुट्टीत लंडनला जाऊन आले होते आणि तिथल्या जुन्या बाजारातून डब्यांचं वेड घेऊन आले होते. आता त्यांना खजुराचा पाक जुन्या इंग्रजी थाटाच्या डब्यात भरायचा होता. "आजीच्या कपाटातला वाटला पाहिजे," ते म्हणाले. कुणाच्या आजीच्या, हे मी विचारलं नाही. मालक भले आहेत, पण त्यांची आजी तंबूत वाढलेली, तिच्याकडे कपाट असण्याची शक्यता कमीच.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. पडदे ओढलेले, एसीची घरघर, बाहेर धुळीने मळलेलं पांढरं ऊन, आणि माझ्यासमोर पडद्यावर राणीच्या काळातल्या जाहिराती. एकामागून एक. पांढऱ्या झग्यातल्या परिचारिका, पंखवाली बाळं, झरे, कमळं, दुभत्या गायी. कोको शुद्ध, मोहरी शुद्ध, बेकिंग पावडर शुद्ध, साबण तर आत्म्यासकट शुद्ध. एका जाहिरातीत एक देवदूत कोकोचा पेला घेऊन ढगातून उतरत होता. बघता बघता डोळे जड व्हायचे. त्या दिवसांत मी रात्री नीट झोपत नव्हते, त्यामुळे दुपारी खुर्चीतच पेंगायची, आणि मग त्या चित्रांत आई येऊन बसायची. नऊवारीत, ओल्या हातांनी. ती त्या गोबऱ्या बाळाला चमचा भरवायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, पाणी ओतलंस का वरचं?

जाग आली की मी त्या जाहिरातींच्या मागचं वाचायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ना, तोच प्रकार. त्या काळी लंडनच्या पावात तुरटी असायची, कोकोत विटेची भुकटी किंवा लाल माती, दुधात पाणी आणि पाणी लपवायला खडू. काही डॉक्टर मंडळी सूक्ष्मदर्शक घेऊन दुकानादुकानांतले नमुने तपासू लागली तेव्हा एकच गहजब झाला. त्यानंतर जो तो शुद्ध शुद्ध म्हणून ओरडू लागला, खरा आणि खोटा दोघेही, त्यामुळे कुणाचं काय हे कळणार कसं! सगळ्यात वाईट वाटलं ते बाळांच्या औषधाचं. दात येताना रडणाऱ्या बाळाला द्यायचं गोड सरबत, निर्धोक, शांत झोप आणणारं. त्यात अफूचा अर्क होता. काही बाळं मग उठलीच नाहीत. चित्रातली आई मात्र प्रसन्न हसत होती.

आरारूटचंही वाचलं. उत्तम शुद्ध आरारूट म्हणून विकलेल्या पुष्कळशा पिठात बटाट्याचं पीठ असायचं. मला एकदम आमचा डबा आठवला आणि हसू आलं. म्हटलं, बरं झालं, त्या डब्याला निदान आमच्या घरी येऊन खरं बोलायची संधी मिळाली.

तिकडे बाबा जेवत नव्हते. फोनवर विचारलं की "जेवलो गो" म्हणायचे, पण व्हिडिओवर गळ्याची हाडं दिसायची. शेजारच्या काकू डबा द्यायच्या आणि तो तसाच परत यायचा. बाबा कधी कुणापुढे वाकले नाहीत. बंदरावरच्या कस्टम चौकीत त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्यांच्या पेट्या उघडायच्या आणि शंका घ्यायची, हा त्यांचा धर्म. त्यांना इकडे या म्हणून मनवायला मला बरंच रडावं लागलं. शेवटी व्हिजिट व्हिसा काढला आणि जानेवारीत ते आले.

त्या दिवशी दमामच्या विमानतळावर धुकं होतं. काचेपलीकडची माणसं दुधातून चालत आल्यासारखी दिसत होती. सगळे बाहेर आले, बाबा येईनात. बऱ्याच वेळाने ते आले, छातीशी काहीतरी धरून, आणि त्यांची बॅग ढकलत एक तरुण माणूस. हा खेडकडचा, जुबैलला नोकरीला असलेला, विमानात बाबांच्या शेजारी बसला होता. त्यानेच मला सगळं सांगितलं.

बाबांनी तो डबा हातातल्या पिशवीत आणला होता. आत पांढरं पीठ. सगळा जन्म कस्टममध्ये काढलेल्या माणसाने परदेशात, जुन्या डब्यात, विनापावतीचं पांढरं पीठ आणावं! पण त्यांच्या लेखी ते पीठ नव्हतंच. ती तवकीर होती. अधिकाऱ्याने झाकण उघडून विचारलं, "एश हादा?" म्हणजे हे काय आहे. बाबांनी ताठ उभं राहून डब्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ॲब्सोल्यूटली प्युअर," ते म्हणाले.

"काकांनी हात दाखवून अवलक्षण केलान," तो तरुण मला म्हणाला. "पांढरी पावडर, नि वर सांगतायत प्युअर!"

त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. चिमूटभर पीठ तपासायला नेलं. हा खेडचा मुलगा आपली बॅग सोडून त्यांच्याजवळ थांबला आणि अरबीत सांगत राहिला की हे आजाऱ्यांचं, लहान मुलांचं खाणं आहे. तपासणीत काही निघालं नाही. अधिकारी परत आला तेव्हा त्याने विचारलं, हे बनवलं कुणी? बाबा म्हणाले, माझ्या बायकोने. ती कुठे आहे? बाबांनी बोट वर केलं. मग त्या अधिकाऱ्याने झाकण दोन्ही हातांनी घट्ट बसवलं, देव तिच्यावर दया करो असं काहीतरी म्हणाला, आणि डबा बाबांच्या हातात दिला. "खलास. यल्ला." म्हणजे झालं, निघा आता.

"माणूस बरा होता," बाबा गाडीत बसल्यावर म्हणाले. "काम नीट करत होता."

घरी आल्यावर मी डबा उघडून पाहिला. अर्धा भरलेला होता. आईने मरायच्या आधी भरलेली शेवटची तवकीर. मी वास घेतला. वास काही आला नाही. तवकिरीला तसाही वास नसतो.

बाबा इथे रमले असं नाही म्हणता येणार, पण वावरू लागले. संध्याकाळी मी त्यांना किनाऱ्यावर न्यायची. आमच्या गावचा समुद्र दिवसरात्र आदळआपट करणारा. इथलं आखात म्हणजे परातीतलं पाणी. दूर टँकर उभे, हलतायत की नाही ते कळू नये असे. बाबा बराच वेळ बघत बसायचे आणि म्हणायचे, "हा समुद्र झोपलाय गो." तिथे बसलं की मलाही वाटायचं की काहीच घडलेलं नाही, आई घरी कुकर लावून बसलीय, आणि आपल्याला उशीर झाला म्हणून ती चिडणार आहे.

जेवण मात्र नव्हतंच. भाकरी केली, मासे केले, कुळथाचं पिठलं केलं. ताटाभोवती बोट फिरवून उठायचे. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, खायला घाला. जसं काही ते मला सुचलं नव्हतं! दिवसातून एकच गोष्ट ते संपवायचे: दुपारी वाटीभर तवकिरीची खीर, दुधातली, आई करायची तशी. ती खाताना त्यांचा चेहरा सैल पडायचा. मी समोर बसून त्यांचा एकेक चमचा गिळायची. त्या खिरीवर माझा बाप जगत होता आणि डब्यातलं पीठ खाली चाललं होतं. ते संपलं तर काय, या एका विचाराने मी गारठून जायची.

गावाला फोन करून शेजारच्या काकूंना विचारलं, कुणी तवकीर करून देईल का, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवीन. काकू म्हणाल्या, "आता कोण करतंय बाय ती उस्तवार? तुझी आई तरी कुठे..." आणि मग त्यांनी आंब्याच्या मोहोराचा विषय काढला. मोहोराबद्दल त्या फारच बोलल्या.

फेब्रुवारीत बाबांचं पोट बिघडलं. दूध बंद. म्हटलं, पाण्यातली पेज करू, आजाऱ्याला तीच देतात. गॅसवर पातेलं ठेवलं, पीठ कालवून ओतलं आणि ढवळत उभी राहिले. बाहेर वारा सुटला होता, खिडकीतून येणारा उजेड पिवळा झाला होता. मी वाट बघत होते, आता निवळेल. तवकीर शिजली की एका क्षणात निवळते. पांढरं पाणी ढवळता ढवळता अचानक काच होतं आणि चमचा आरपार दिसू लागतो. लहानपणी मी त्या क्षणासाठी स्टुलावर चढून बसायची.

ती निवळली नाही. घट्ट झाली, बुडबुडे आले, आणि पांढरीच राहिली. मी आणखी ढवळलं. आच वाढवली, कमी केली. शेवटी गॅस बंद केला. हे काय आहे ते मला पहिल्या क्षणीच कळलं होतं, शिकलेय मी ते, पण मन मानेना. कपाटातून सुपरमार्केटचं कॉर्नफ्लॉवर काढलं, दुसऱ्या पातेल्यात तितक्याच पाण्यात शिजवलं आणि दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीत काडीचाही फरक नव्हता.

मी तिथेच फरशीवर बसले. मक्याचं पीठ. वाण्याकडचं, बाजारचं, पाकिटातलं. आईने त्या निखालस शुद्ध डब्यात कॉर्नफ्लॉवर भरलं होतं. आणि मग एकेक गोष्ट वर यायला लागली. मी इकडे आल्यानंतर आईची बोटं सुजायला लागली होती, आंगठ्याचे सांधे गाठाळले होते, बांगड्या चढेनाशा झाल्या होत्या. त्याच सुमाराला घरातल्या वड्या बंद झाल्या. मी सुट्टीत गेले की खीरच मिळायची. "वड्या हल्ली चिकटतात गो, खीर बरी," ती म्हणाली होती. दुधात कुठे काय कळतंय! वडीतून ताटलीचं फूल दिसलं नसतं, म्हणून ताटलीच काढून घेतली बाईने. काय डोकं!

आधी मला राग आला. मग हसू आलं, आणि हसता हसता रडायला आलं, ते किती वेळ थांबेचना. लंडनचा डबा शेवटी लंडनच्या वळणावर गेला होता. ज्या शब्दावर मी दिवसभर दात खाते तो माझ्याच घरात, आईच्याच हाताने खोटा पडला होता, आणि मला तिच्या हाताचं चुंबन घ्यावंसं वाटत होतं.

रडून झाल्यावर लक्षात आलं की माझी भीती संपलीय. डबा आता कधीच रिकामा होणार नव्हता. खालच्या सुपरमार्केटात मांडणीभर पाकिटं होती. मी दुसऱ्या दिवशी दोन आणली, आणि बाबा आंघोळीला गेले की डब्यात थोडं थोडं ओतू लागले. त्याच आठवड्यात मी आमच्या मालकांशी भांडत होते. डब्यावर 'शंभर टक्के शुद्ध' नको, आत खजूर आहे तर नुसतं खजूर लिहा, म्हणून. ते म्हणाले, लोकांना तो शब्द आवडतो. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि शुद्ध आरारूटच्या डब्यात मक्याचं पीठ भरलं. कुणी बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

बाबांचं पोट सावरलं, दूध सुरू झालं, खीर सुरू झाली. एक दिवस खिरीबरोबर त्यांनी अर्धी भाकरीही खाल्ली. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, तो शिफ्टवर होता, त्याला वाटलं काय झालं म्हणून इतकी ओरडतेय.

आणि मग पुढची एकादशी आली.

ते मी विसरलेच होते. सकाळी बाबांनी चहा नको म्हटलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं. रोजची गोष्ट वेगळी होती. पण आज हा माणूस देवापुढे बसून, पाण्याचा घोटही विचार करून घेऊन, दुपारी माझ्या हातून मका खाणार. आईने हे इतकी वर्षं कसं निभावलं असेल? तिच्या खांद्यांना ते पेललं. माझ्या हातून होईना. दूध तापवलं, डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सांगावं तर आई खोटी पडते. तीही आता, जेव्हा ती बोलायला नाही. आणि ही एकच गोष्ट ते खात होते, तीही सुटली तर? न सांगावं तर त्यांचं पुण्य मी माझ्या हाताने बुडवतेय. खीर झाली. ती वाटीत ओतून मी त्यांच्यासमोर ठेवली, आणि चमचा मात्र हातातच धरून ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "ह्या तवकिरीबद्दल मला तुम्हाला काही..."

"चमचा दे."

"आधी ऐका ना."

"मी आलो तेव्हा डबा अर्धा होता," बाबा म्हणाले. "रोज वाटीभर खातो. आज बघितलं तर काठोकाठ भरलाय. कस्टमवाल्याच्या हे लक्षात येऊ नये काय गो?"

मी खुर्चीत बसले. त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला.

"तुम्हाला माहीत होतं? आईचंही?"

"पहिल्याच वर्षी कळलं. वाण्यानेच विचारलान, वहिनी एवढं कॉर्नफ्लॉवर नेतात, हॉटेल काढताय काय? म्हटलं, होय, काढतोय."

"आणि उपास? इतक्या एकादश्या?"

बाबांनी खीर ढवळली. वर आलेली साय चमच्याने बाजूला केली, आई करायची तशी.

"उपास माझा होता," ते म्हणाले. "सांधे तिचे होते. पहाटे गार पाण्यात हात घालून बसायची, नि मला कळू नये म्हणून पदर तोंडात धरून कण्हायची. मी तवकीर नको म्हटलं असतं तर म्हणाली असती, माझ्यामुळे उपाशी राहतायत. आणखी दोन टोपल्या किसली असतीन. मग एक दिवस खिरीची चव बदलली, नि तिचं कण्हणं थांबलं. मी काय करायचं होतं, सांग. येईल त्याला डबा दाखवत सुटलो. शुद्ध तवकीर, बाजारचं काही नाही. तिच्या कानावर जावं म्हणून. ह्याला काही कळलं नाही, म्हणून तिने निर्धास्त असावं."

"आणि देव?"

"देवाला मी सांगितलंय. तिला नाही." त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. "त्या विमानतळावरच्या माणसाने विचारलान ना, कुणी केलंय? मी म्हटलं, बायकोने. आयुष्यात पहिल्यांदा कस्टमला खोटं सांगितलं असेल. पण मला काही ते खोटं वाटलं नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"तिने मला कधी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस."

तेवढ्यात लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि आजोबांच्या वाटीत वाकून बघितलं. "आजोबा, इज दॅट कस्टर्ड?"

बाबांनी डबा ओढून घेतला. तिचं बोट धरून त्या फुगीर अक्षरांवरून फिरवलं, कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जसं लहानपणी माझं फिरवायचे.

"ॲब्सोल्यूटली प्युअर," ते म्हणाले. "तुझ्या आजीच्या हातची. आपल्याकडे बाजारचं काही नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मान डोलावली आणि तिच्यासाठी आणखी एक वाटी काढली.